पहिला पेला संताचा

दिवा जरा अलीकडे ओढ. तुला शाळेत येऊन आठवडा झाला नाही, आणि आज तू विचारलंस की मुलं घरी गेल्यावर मी व्हरांड्यात एकटीच बसते, तर स्टुलं तीन का मांडते. दुपारी विचारलं असतंस तर हसून टाळलं असतं. आता ऊन उतरलंय, म्हणून सांगते.

गेल्या जानेवारीत मला एक पुस्तक हवं होतं. काम एवढंच. इंग्रजी उताऱ्यांच्या सरावाचं पुस्तक, आणि ते गावात एकाच घरी होतं, सगळे आदरानं न्या म्हणतात त्या सेफेरिनांच्या. परदेशात एक वर्ष शिकायची शिष्यवृत्ती निघाली होती. आपल्या जिल्ह्याला जागा एक. निवड इंग्रजीच्या परीक्षेवर. उतारे वाचायचे, खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. चाळीस प्रश्न, एक तास.

ती जागा मला हवी होती. कशासाठी, तेही ऐक, म्हणजे पुढचं ऐकताना मला निव्वळ वाईट ठरवणार नाहीस. आपली मुलं घरी ग्वारानी बोलतात, शाळेत स्पॅनिश वाचतात, आणि वाचलेलं त्यांना कळत नाही. घडाघडा वाचतात आणि शेवटी विचारलं की जमिनीकडे बघतात. वाचून समजणं ही शिकवायची गोष्ट आहे हे इथे कुणाच्या गावीही नाही. मला ते शिकवणं शिकून यायचं होतं. परत येऊन या व्हरांड्यात वाचनघर काढायचं होतं, दहा वर्षांनी नाही, लगेच. बाकीच्यांना फक्त परदेश बघायचा होता. मला वाटायचं, माझ्याइतका त्या जागेवर हक्क कुणाचाच नाही.

न्या सेफेरिनांनी पुस्तक कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं. ते त्यांच्या मुलीचं, डेल्फिनाचं. सहा वर्षांपूर्वी ती याच परीक्षेला बसणार होती. आठवडा राहिला असताना डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत गेली.

"सगळं सोडवलंय तिनं," न्या सेफेरिना पानांवरून हात फिरवत म्हणाल्या. "शेवटचा एक उतारा तेवढा राहिला. तापात म्हणाली, आई, तेवढा उठल्यावर करते."

मी पुस्तकासाठी हात पुढे केला.

"ने तू. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी परत आण. त्या दिवशी ते घरात असू दे."

"आणते, न्या सेफेरिना. नक्की."

पेर्ला माझी लहानपणापासूनची मैत्रीण. औषधाच्या दुकानात कामाला होती. तिनंही अर्ज भरला होता. का, तर तिला बर्फ पडताना बघायचं होतं! पुस्तक एकच, म्हणून दोघींनी एकत्र अभ्यास करायचा असं ठरलं. शाळेची किल्ली माझ्याकडे होती. दुपारच्या झोपेच्या वेळी गावात चिटपाखरू नसतं, तेव्हा या व्हरांड्यात बसायचं. मुलांना आया भीती घालतात ना, झोपेच्या वेळी बाहेर जाऊ नका, कोण कोण फिरत असतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. मला फक्त शांतता हवी होती.

पहिल्या दिवशी मी तेरेरेची तयारी करून आणली. बर्फाचं पाणी, कुटलेला पुदिना, शिंगाचा पेला, त्यात येर्बाचा सुका पाला, आणि आळीपाळीनं ओढून प्यायला एकच नळी. दोन स्टुलं मांडली, मध्ये तिसऱ्यावर पाण्याचा तांब्या. पाल्यावर पहिलं पाणी ओतलं आणि पेला तसाच पेर्लापुढे धरला.

तिनं हात मागे घेतला. "अगं, पहिला संत तोमासचा! तो जिरू दे आधी."

"संताला परीक्षा द्यायची नाहीये. तासच आहे हातात."

"तुझं ना... उद्या देवाला सांगशील, जरा थोडक्यात आवर म्हणून."

"घे गं."

तिनं घेतला नाही. मग मीच प्याले. सबंध. कडू होता, पहिला असतोच.

मग मी तिला रीत शिकवली. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. प्रश्नातला मुख्य शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ अधोरेखित करायची. आपल्या मनातलं काही घालायचं नाही. उत्तरं तीन प्रकारची: बरोबर, चूक, आणि उताऱ्यात सांगितलेलं नाही. डेल्फिनाच्या पेन्सिलीच्या खुणांवर कागदाची पट्टी ठेवली आणि आम्ही सोडवायला लागलो.

पेर्लानं माझी एकही रीत वापरली नाही. शेजारणीची भानगड ऐकावी तसा तिनं उतारा वाचला, मध्येच हसली, आणि भराभर उत्तरं लिहिली. ताळा पाहिला. माझे सत्तावीस. तिचे छत्तीस. पट्टी काढून डेल्फिनाचे मोजले. चाळीसपैकी चाळीस.

"मास्तरीणबाई," पेर्ला म्हणाली, "तुम्ही उताऱ्याची उलटतपासणी घेता. तो बिचारा घाबरून काही सांगतच नाही."

मी हसले. आत काय झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. सहा वर्षं रात्रंदिवस शिकले मी. आणि ही, गोळ्यांची पाकिटं मोजणारी, हसत हसत नऊ गुण पुढे! तिचा तर हेवा वाटलाच, पण त्या मेलेल्या मुलीचाही वाटला.

आणि तेव्हाच तो आवाज आला.

पेला आमच्या दोघींच्या मध्ये, तांब्याशेजारी होता. मी नुकताच भरलेला. ताळा बघण्याच्या नादात तो तिला द्यायचा राहिला होता. नळीतून तळाचं पाणी संपताना येतो ना तो आवाज, सुर्रर्र... तो आला. लांब, शेवटपर्यंत ओढलेला.

"तू प्यालीस?" पेर्लानं विचारलं.

"माझे हात बघ ना, पुस्तक आहे हातात."

तिनं पेला उचलून वाकवला. पाला कोरडा पडला होता. "उन्हानं आटलं असेल," ती म्हणाली. पण तिनं स्टूल माझ्याजवळ सरकवलं.

मग रोज तसंच. दोघींना तासभर पुरणारं पाणी अर्ध्या तासात संपायचं. पुदिन्याच्या वासाखाली दुसरा एक वास असायचा, आजाऱ्याच्या उशीला येतो तसा. रोज पेर्ला म्हणायची, "आज तरी पहिला संताचा ठेव." आणि रोज मी तिच्याकडे बघत तो पिऊन टाकायची. आता घाई हे कारण उरलं नव्हतं. ती सांगते म्हणून मी ऐकत नव्हते. तिचे गुण वाढत होते. सदतीस. अडतीस. मी एकोणतिसावर अडकले होते, आणि चुकत होते ते एकाच जागी. जिथे उत्तर "उताऱ्यात सांगितलेलं नाही" असायचं, तिथे मी काहीतरी सांगितलंय असं धरून चालायची.

"तुला जे हवंय ते तू वाचतेस," पेर्ला एकदा म्हणाली. टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

परीक्षा शनिवारी दुपारी दोनला होती, राजधानीत. पेर्लाचा फोन डिसेंबरात विहिरीत पडला होता, म्हणून दोघींच्या अर्जांवर माझाच नंबर होता. बुधवारी निरोप आला, एकापाठोपाठ दोन, एकेका नावानं. परीक्षा दोनऐवजी सकाळी आठला.

मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. गुरुवारी सांगितलं, शुक्रवारी सांगू.

शुक्रवारी शेवटचा उतारा उरला होता. डेल्फिनानं न सोडवलेला. पुस्तक आणलं त्या दिवशी मी तो चाळला होता. समुद्रातलं दीपगृह, तिथला म्हातारा रखवालदार आणि त्याची शेळी. मी आधी प्रश्न वाचायला गेले आणि हात थांबला.

पहिला प्रश्न होता: व्हरांड्यात किती जणी बसल्या आहेत?

मी वर उताऱ्याकडे पाहिलं. छापील अक्षरं, तोच जुना कागद. "भर दुपारी एका शाळेच्या व्हरांड्यात तिघी बसल्या होत्या. पहिलीला एक गोष्ट माहीत होती, ती तिनं दुसरीला सांगितली नव्हती. तिसरी फार दिवस थांबली होती..."

दुसरा प्रश्न: पहिली दुसरीला काय सांगत नाही?

तिसरा: त्यामुळे उद्या कुणाची खुर्ची रिकामी राहील?

पहिल्या प्रश्नापुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. मी बघत असतानाच दुसऱ्यापुढे आली. कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज मी ऐकला. पेन्सिल माझ्या कानामागे खोचलेली होती.

"पेर्ला..."

"काय गं? दे इकडे, किती वेळ एकच पान." तिनं पुस्तक ओढून घेतलं, डोळे फिरवले आणि हसली. "बाई गं, म्हातारा शेळीला परीक्षेला बसवेल इतकी शहाणी आहे ती! सोप्पा आहे हा. दीपगृह कुठे आहे... कोण आलं..." ती सातही उत्तरं आपल्या वहीत लिहून मोकळी झाली. तिला दीपगृहच दिसत होतं.

आताच, मी म्हटलं, आताच सांगून टाक. "पेर्ला, ऐक ना... उद्या..."

"उद्या काय? घाबरलीस?" तिनं माझा हात धरला. "खरं सांगू? तू गेलीस तर मला चालेल. मी गेले तर तू रडशील, आणि ते मला बघवणार नाही."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. आणि मला दया नको होती. कुणाचीही नको होती, तिची तर मुळीच नको होती.

"उद्या मी पहाटेच निघते," मी म्हणाले. "मावशीकडे काम आहे. तू तुझ्या बसनं ये. दोनला भेटू तिथेच."

मागे, अगदी माझ्या खांद्याशी, सुर्रर्र... पेला संपला. पेर्लानं यावेळी ऐकलं नाही. किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुस्तक मी परत दिलं नाही. न्या सेफेरिनांसमोर जायचं धाडस नव्हतं. ते पिशवीतच राहिलं आणि माझ्याबरोबर पहाटेच्या बसनं राजधानीला आलं.

परीक्षेच्या दालनात आमचे क्रमांक लागोपाठ होते. माझ्या डावीकडची खुर्ची पेर्लाची. आठ वाजले. पर्यवेक्षक बाईंनी नियमाप्रमाणे रिकाम्या बाकावरही प्रश्नपत्रिका ठेवली. मी मान खाली घातली आणि पहिला उतारा वाचायला लागले.

दोन ओळी झाल्या असतील. डावीकडून पुदिन्याचा वास आला. मग तो दुसरा.

पान उलटल्याचा आवाज. पेन्सिलीचा आवाज. थांबत नव्हता, खोडत नव्हता, एका लयीत चालला होता. मी मान वळवली नाही. परीक्षेत शेजारी बघायचं नसतं, ते कारण मला पुरलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक पांढरी बाही दिसली. शाळेच्या गणवेशाची, मनगटाजवळ पिवळी पडलेली.

बाई हजेरीचा कागद घेऊन आल्या. मी सही केली. मग त्या पुढे सरकल्या आणि अगदी सहज आवाजात डावीकडे म्हणाल्या, "इथे सही करा, सेन्योरिता. बरं नाही का? पाणी हवंय?"

उत्तर आलं नाही. कागदावर सही झाल्याचा आवाज तेवढा आला.

घंटा झाली. मी वळून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि बाई भरलेली उत्तरपत्रिका उचलून गठ्ठ्यात ठेवत होत्या. लाकडाच्या बैठकीवर ओल होती. माणूस तापातून घामेजून उठावा तशी.

तेव्हा निघून जायला हवं होतं. नाही गेले. फाटकापाशी बसून राहिले. साडेबाराला पेर्ला आली, नवीन ब्लाऊज घालून, हातात कागदात गुंडाळलेल्या गरम चिपा, चीज घातलेले ते छोटे पाव. "दोन तुझ्या, दोन माझ्या! रिकाम्या पोटी इंग्रजी कळत नाही म्हणतात." मग तिनं ओस पडलेलं आवार पाहिलं. माझ्या हातातली प्रश्नपत्रिका पाहिली. ती सरळ कार्यालयात गेली. मी मागोमाग गेले.

कारकुनानं यादी काढली. "पेर्ला ओव्हेलार? तुम्ही दिलीत की परीक्षा. ही तुमची सही."

पेर्लानं सही पाहिली. खूप वेळ पाहिली. "हे माझं अक्षर नाही," ती म्हणाली, पण कारकुनाला नाही, मला. "तुला माहीत होतं? वेळ बदललेली?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं चिपांचा कागद माझ्या हातात दिला. चारही.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. पहिली पेर्ला ओव्हेलार, चाळीसपैकी चाळीस. दुसरी मी. पेर्लानं पत्र लिहिलं, मी त्या दालनात नव्हते म्हणून. उलट उत्तर आलं: सही आहे, ओळखपत्राचा क्रमांक बरोबर आहे, थट्टा करू नये. माझ्या मनात आलं, आता तरी ती नाही म्हणेल आणि जागा माझ्याकडे येईल. बघ, इतकं सगळं होऊनही मला तेच सुचलं.

जायच्या आदल्या दिवशी ती इथे आली, झोपेच्या वेळी. "जाते आहे मी," ती म्हणाली. "मी नाही गेले तर तू जाशील. म्हणून जाते."

मी पाणी ओतलं. पहिला पेला संताचा म्हणून जिरू दिला. दुसरा तिला दिला. ती सावकाश प्याली, पेला परत दिला आणि म्हणाली, "आभार."

पेला परत देताना हे म्हटलं की त्याचा अर्थ काय, ते तुला ठाऊकच आहे. माझं झालं, यापुढे मला देऊ नकोस. वीस वर्षं आम्ही एकमेकींच्या हातचं प्यालो होतो. एकदाही तिनं पहिल्याच पेल्याला तो शब्द काढला नव्हता. फाटकाबाहेर जाईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.

मग मी पुस्तक घेऊन न्या सेफेरिनांकडे गेले. त्यांनी शेवटचं पान उघडलं. दीपगृह, म्हातारा, शेळी. सातही प्रश्नांपुढे पेन्सिलीच्या खुणा. इंग्रजी त्यांना येत नाही, पण लेकीचा हात त्या ओळखतात.

"उठली म्हणायची," त्या हळूच म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. पहिल्या पेल्यापासून. त्या रागावल्या नाहीत. "पहिला पेला संताच्या तहानेसाठी नसतो गं. जागेसाठी असतो. एक जागा त्याच्या नावानं भरलेली राहते, मग तिथे दुसरं कुणी येऊन बसत नाही. तू ती रिकामी केलीस. मग ती खुर्चीही रिकामी केलीस." पुस्तक त्यांनी परत माझ्या हातात ठेवलं. "आता हे इथे नको. तिला घरी यायचं नाहीये."

तेव्हापासून मी रोज पहिला पेला संताचा ठेवते. एक स्टूल त्याचं, एक माझं. तांब्या खाली जमिनीवर. तू तीन म्हणतेस, पण मी दोनच मांडते. पेला खाली ठेवला की रिकामा होतो. आणि इतक्या महिन्यांत मला एकदाही कुणी आभार म्हटलेलं नाही.

वाचनघर मला अजून हवंय. तू हसू नकोस. ती मुलं अजून जमिनीकडे बघतात. म्हणून यंदाही मी अर्ज भरला, एकटीचाच. आज सकाळी टपाल आलं. उघडून बघ, त्या वहीखाली आहे. मी एक अर्ज केला आणि प्रवेशपत्रं दोन आली. दोन्हींवर नाव माझं, फोटो माझा, क्रमांक लागोपाठ. एकावर सहीची जागा कोरी आहे.

दुसऱ्यावर सही झालेली आहे, मी न करताच. दिव्याजवळ धर, म्हणजे नीट दिसेल. अक्षर माझंच आहे. पेन्सिलीनं केलेली आहे.